दोन पेट्यांची थोटकं

मला वाचवलं ते रॉडखोलीतल्या ताईंनी. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात शिव्या, संशय आणि माझी स्वतःची चूक हेच जास्त आहे, आणि त्या गर्दीत ताई मागं पडतील अशी मला भीती वाटते. मला तशी भीती कशाचीही वाटते. ताई उमरगा तालुक्यातल्याच. बारावी झालेल्या, दोन मुली, नवरा उमरगा ते लोहारा वडाप जीप चालवतो. आमच्या साइटवर वेल्डिंगचे रॉड ठेवायची एक खोली होती, तिचा कारभार त्यांच्याकडं होता. माझं त्यांच्याशी ना नातं ना गाव. मी झाडीपट्टीतला, भंडाऱ्याकडचा, भाताच्या मुलखातला.

सोलापूर-हैदराबाद हायवेच्या कडेला, उमरग्याच्या जवळच, ट्रकमध्ये थंड गॅस भरायचा पंप उभा राहत होता. थंड म्हणजे शून्याखाली एकशे बासष्ट. एवढ्या थंडीत गॅसचं पाणी होतं आणि ते स्टेनलेसच्या पाइपातून टाकीकडून पंपाकडं जातं. त्या पाइपांचे जोड मारायचं काम आमच्या ठेकेदाराकडं होतं. वेल्डर आम्ही सहा जण. बाकीचे पाच एकाच गावाकडून एकत्र आलेले. सहावाही त्यांना त्यांचाच हवा होता, आणि त्या जागी मी आलो. पहिल्याच दिवशी त्यांच्यातल्या थोरल्यानं मला विचारलं, "परीक्षा पास होऊन आलास का हातापाया पडून?"

मी म्हटलं, "पास होऊन आलो जी."

तेव्हापासून माझं नाव 'जी' पडलं. "जी, ग्राइंडर द्या जी." "जी, उन्हात बसा जी, तुमच्याकडं सावलीत बसत नसतील." आमच्या भागात मोठ्यांना बोलताना जी लागतोच, तो तोंडातून काढू म्हटलं तरी निघत नाही. मग मी बोलणंच कमी केलं. ते पाच जण एका ठिकाणी जेवत, मी पाण्याच्या टाकीमागं जेवत असे. गेटवर रोज सकाळी गावातले तीन-चार तरुण उभे असत. पंपासाठी शिवारातली जमीन गेलेली, काम मात्र बाहेरच्यांना. त्यांचा राग खरा होता, पण तो साहेबांच्या गाडीपर्यंत पोचत नसे, काच वर असायची. पायी येणारा मी सापडायचो.

"पंप आमच्या रानात अन् कामाला भंडाऱ्याचं," एक जण म्हणायचा. "लई हुशार असतेत का वो तिकडली?"

मी खाली बघून आत जायचो.

माझी शाळा आठवीत सुटली. मार्कशीट, सर्टिफिकेट असलं माझ्याकडं काही नाही. आहे ते एक कार्ड. त्यावर माझा फोटो, वेल्डर नंबर आणि कुठल्या धातूवर, किती जाडीवर मी पास झालो त्याच्या ओळी. मागच्या बाजूला प्रत्येक साइटवरून निघताना शेरा मिळतो. एकच वाईट शेरा पडला की पुढचा ठेकेदार कार्ड उलटं करून बघतो आणि परत देतो, तोंडानं काही बोलत नाही. उमरग्याला ते कार्ड जवळजवळ गेलंच होतं, आणि 'चोर' म्हणून जाणार होतं.

मालकाच्या बाजूनं काम तपासायला एक इन्स्पेक्टर होते. पन्नाशीचे, वाळके, आमच्यासोबत कधी चहा न घेणारे. थंड लाइन सुरू व्हायच्या आधी त्यांनी आम्हाला उभं करून सांगितलं होतं. अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत. मला कळलं ते एवढं: साधं काळं लोखंड या थंडीत काचेसारखं फुटतं. स्टेनलेस पाइप फुटत नाही. पण जोडात जे वितळून बसतं तो पाइप नव्हे, ते रॉडचं पाणी गोठलेलं असतं, आणि त्याचा भरवसा नाही. म्हणून थंड लाइनला वापरायच्या रॉडनं आधी एक नमुना जोड मारायचा. त्यातून बोटाएवढे तुकडे कापायचे, मधोमध खाच पाडायची, शून्याखाली एकशे शहाण्णवच्या नायट्रोजनमध्ये बुडवायचे, आणि बाहेर काढल्या काढल्या लोंबत्या हातोड्यानं तोडायचे. तुटताना धातू ओढला गेला, बाजूंना फुगला, तर पास. काडीसारखा कट्‌कन मोडला तर नापास.

मी मागं उभा राहून मान हलवत होतो. न कळलेल्या ठिकाणी मी जास्तच मान हलवतो.

न कळलेलं पुढं होतं. हा पास-नापास त्या एका पेटीपुरता असतो. भट्टीतून एका वेळी जी तार निघते तिला एक नंबर मिळतो, तो पेटीवर असतो. दुसऱ्या भट्टीची तार, कंपनी तीच, जात तीच, चकाकी तीच, तरी ती वेगळी. साइटवर दोन पेट्या उघडल्या होत्या. जुनी पेटी आम्ही हवेच्या आणि धुराड्याच्या लाइनीला वापरली. तिथं थंडी येत नाही, म्हणून तिची परीक्षा झालेली नव्हती. नवी पेटी परीक्षा पास होऊन आलेली, ती फक्त थंड लाइनला. ताई चिठ्ठीवर जोडाचा नंबर आणि रॉडची संख्या लिहून रॉड द्यायच्या. संध्याकाळी तेवढीच थोटकं परत करायची. रॉड वितळत वितळत चार-पाच बोटं उरला की हातात धरता येत नाही, ते थोटूक.

मी ती परत करत नव्हतो. करत होतो, पण थोडी.

कारण सांगतो. शाळा सुटल्यावर मी तुमसरच्या बाजूला एका ग्रिलच्या दुकानात लागलो. खिडक्या, गेटं, जिन्याचे कठडे. तिथले वस्ताद बोटापेक्षा लांब थोटूक जमिनीवर दिसलं की तेच गरम थोटूक पायावर टेकवायचे. मग आम्ही थोटूक टाकायचंच सोडलं. नव्या रॉडच्या टोकाला जुनं थोटूक लावायचं, एक ठिणगी द्यायची, चिकटतं. पुन्हा लांब रॉड तयार. पंधरा वर्षं माझे हात तेच करत आले. तिथं त्याला काटकसर म्हणत. उमरग्यालाही मी तेच करत होतो, आणि कुणी बघितलं तर मला चांगला कामगार म्हणेल असं मनात होतं, हेही खरं आहे. धुराड्याच्या लाइनीची मूठभर थोटकं माझ्या हत्यारांच्या पिशवीत होती. थंड लाइनीवर आलो तेव्हा ती पिशवीबरोबरच आली.

ताई रोज संध्याकाळी मोजायच्या. "भाऊ, चार नेले, एकच परत आलंय."

"बाकी वापरले जी."

त्या चिठ्ठीवर 'वापरले' लिहायच्या. प्रत्येकाची त्या दिवशीची थोटकं चिठ्ठीसकट दोऱ्यानं बांधायच्या, कोथिंबिरीच्या जुड्या बांधतात तशा, आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. बाकीचे वेल्डर हसायचे, "ताई, बाजारात बसणार का?" ठेकेदाराच्या साइट इंचार्जनी तर भंगारात टाका म्हणून सांगितलं होतं. ताई म्हणायच्या, "जागा खात न्हायत. राहू द्या."

एका शनिवारी इंचार्जनी सगळी मोजणी मागवली. माझ्या नावावर छत्तीस थोटकं कमी निघाली. दुसऱ्या दिवशी त्या पाचांपैकी एकानं मला बाजारात, रेलिंगच्या दुकानात बघितलं. मी तिथं चहा प्यायला बसलो होतो. दर रविवारी बसायचो. ग्राइंडरचा आवाज, गेटं भिंतीला टेकवलेली, मला तेवढं एकच ठिकाण गावासारखं वाटे. सोमवारी सकाळी इंचार्ज आणि ते पाच जण माझ्या खोलीवर आले, माझी पेटी उघडली, कपडे बाहेर काढले, तांदळाची पिशवी पालथी केली. काही सापडलं नाही.

थोरला म्हणाला, "सापडेल कसं. विकून टाकलं असेल."

घरमालक दारात उभे राहून बघत होते. त्यांनी मला त्याच आठवड्यात खोली सोडायला सांगितली.

दुपारी मला कंटेनरच्या ऑफिसात बोलावलं. टेबलावर लिहिलेला कागद होता. स्टेनलेसचे रॉड मी चोरून बाहेर विकले, असा. इंचार्ज वयानं माझ्याएवढेच असतील. आवाज चढवत नसत, त्यामुळं जास्त भीती वाटायची.

"सही कर. पोलिसात देत नाही. सामान उचल आणि गावाला जा. फार ताणू नको."

मी पेन घेतलं. लाज वाटते, पण खरं आहे, मी पेन घेतलं. पोलीस हा शब्द ऐकला की माझं डोकं बंद पडतं. साक्षीदार म्हणून ताईंची सही हवी होती, त्यांनाही बोलावलं होतं. त्यांनी कागद उभ्या उभ्या वाचला. दोनदा वाचला.

"तुकडे परत आले न्हायत हे खरंय साहेब. चोरले हे मला म्हाईत न्हाय."

"मग कुठं गेले? खाल्ले त्यानं?"

"त्यास्नीच इचारा की."

"विचारलं. बोलत नाही."

"जो बोलंना त्याची सही कशी काय घ्यायलाव मग?"

इंचार्ज खुर्चीत मागं सरले. ताई माझ्याकडं वळल्या. "भाऊ, रोज वापरले म्हणत होता. कसे वापरले?"

"जोडून वापरले जी. एकाले एक लावून."

इंचार्ज हसले. "बघा. रॉड संपल्यावर रॉडलाच वेल्डिंग." आणि हसता हसता थांबले. मला वाटतं त्या खोलीत आमच्या दोघांच्या आधी त्यांना कळलं. "कुठल्या पेटीचे लावले?"

"जुने होते ते बी लावले जी."

"थंड लाइनला?"

"हो जी."

ते उठले, दार लावून घेतलं आणि पुन्हा बसले. बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. मग म्हणाले, "हे आत्ता जे बोललास ते बाहेर बोलायचं नाही. चोरी असेल तर ती तुझ्या एकट्याची. हे असेल तर सगळ्या साइटची. जोड कापावे लागतील. तुला काय, तू तसाही जाणारच आहेस. सही कर."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी चोर ठरणं त्यांच्या सोयीचं आहे. तरी मी सही करणार होतो. चोर म्हणून निदान एकटा जाईन, बाकी कुणाला त्रास नाही, असला विचार माझ्या डोक्यात आला. ताईंनी माझ्या हातातलं पेन काढून टेबलावर ठेवलं.

"आज ऱ्हाऊ द्या साहेब. उद्या बगू."

"तुम्हाला तुमची नोकरी जड झाली का?"

"न्हाय," ताई म्हणाल्या आणि दार उघडलं.

रॉडखोलीत आल्यावर त्यांनी डबे उतरवले. माझ्या नावाच्या जुड्या सोडल्या. प्रत्येक थोटकाच्या मधोमध एक-दोन गाठी होत्या, जिथं मी ठिणगी दिली होती. दुसऱ्या कुणाच्याही जुडीत तसं नव्हतं. त्यांनी ती थोटकं वर्तमानपत्रावर ओळीनं मांडली.

"हे चोराचं काम न्हाय. चोरानं गाठी कशाला मारल्या असत्या? पण हे त्याहून वाईट हाय भाऊ. तुमाला कळतंय का?"

मी म्हटलं, "नाही जी." आणि खरंच नव्हतं कळत. मग त्यांनी मला पेटीवरचा नंबर दाखवला, परीक्षेच्या कागदावरचा नंबर दाखवला आणि जुन्या पेटीवरचा दाखवला. इन्स्पेक्टर साहेबांनी अर्ध्या इंग्रजीत सांगितलेलं सगळं त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. ऐकता ऐकता मी खाली बसलो. माझ्या हातानं मी त्या लाइनीत काय घालून ठेवलंय तेच मला ठाऊक नव्हतं.

"किती जोडात असेल?"

मला आठवत होतं. थंड लाइनीवर मी चौदा जोड मारले होते, जुनी थोटकं नवव्या जोडाला संपली होती. पण तीन म्हणावं असं मनात आलं. तीन कापले तर कदाचित भागेल. मग उलटं वाटलं, चौदा म्हणावं, म्हणजे कुणी खोटं म्हणायला नको. माझा चेहरा बघून ताईंना कळलं असावं.

"जेवढं आठवतंय तेवढंच सांगा. भीतीनं कमी न्हाय अन् भीतीनं जास्त बी न्हाय."

"नऊ," मी म्हटलं.

त्यांनी चिठ्ठ्या काढल्या. पहिल्या नऊ जोडांना मी तीन-तीन रॉड नेले होते, दहाव्यापासून चार-चार. एका जोडाला साधारण चार लागतात. चौथ्याची कमी थोटकांनी भरून निघाली होती. ताईंनी त्या नऊ चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या.

"ह्यात माझं बी नाव येणार," त्या म्हणाल्या. "रोज वापरले म्हणून लिहून घेतलं म्या. कसे, हे एकदाबी इचारलं न्हाय. पण माझ्या पोरी ह्याच पंपाम्होरनं शाळेला जात्यात. उद्या साहेबाकडं मी जाणार. तुमी यायलाव का?"

न जाण्याची सोय त्यांनी ठेवली होती. मी गेलो.

इन्स्पेक्टरनी सगळं ऐकून घेतलं आणि मला बसायला सांगितलं नाही. टेबलाच्या खणातून त्यांनी बोटाएवढ्या तुकड्यांचे चार अर्धे भाग काढले. दोन अर्धे तुटलेल्या जागी राखाडी, चिरडलेले, कडा बाहेर आलेल्या. दुसरे दोन चपटे, चकचकीत, चाकूनं वडी कापावी तसे.

"हात लाव. हा पास. हा नापास, दुसऱ्या एका साइटचा. तू काय घातलंस यातलं?"

"माहीत नाही जी."

"मलाही माहीत नाही. ते माहीत असावं म्हणून तर हा सगळा खटाटोप आहे." मग ताईंना, "आणि तुम्ही? झोपला होतात?"

"व्हय साहेब, तेवढं चुकलं माझं."

त्यांना हे उत्तर अपेक्षित नसावं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. चिठ्ठ्या एकेक करून बघितल्या, गाठीची थोटकं उजेडात धरली. म्हणाले, "जुन्या पेटीत रॉड शिल्लक आहेत?"

"अकरा हायत. सील करून ठेवलेत म्या, कालच."

ठरलं ते असं. त्या शिल्लक रॉडनं, त्याच पाइपाच्या तुकड्यावर, मीच नमुना जोड मारायचा. तो पुण्याच्या प्रयोगशाळेत जाईल, थंडीत तुटेल. पास झाला तर नऊ जोड राहतील. नापास झाला तर कापायचे. तोवर थंड लाइन बंद. इंचार्ज तिथं येऊन खूप बोलले. तीच कंपनी, तोच ग्रेड, कशाला वाढवता, तारीख गाठायची आहे. इन्स्पेक्टर म्हणाले, "तोच आहे ना? मग पास होईल. घाबरता कशाला?"

तो नमुना मारताना सगळे भोवती उभे होते. पाचही वेल्डर, इंचार्ज, इन्स्पेक्टर, पाइप धरणारे मजूर. माझ्या काचेतून मला फक्त ठिणगी दिसते, पण माणसं दिसत नसली तरी पाठीला कळतात. थोरला म्हणाला, "जी, गाठ मारायला विसरू नका जी." कुणीतरी हसलं. मी न थांबता जोड पुरा केला. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. हातात ज्योत असली की तेवढा वेळच मला भीती वाटत नाही, बंद केली की पुन्हा सुरू.

नमुना गेला आणि वाट बघणं सुरू झालं. ते दिवस मला नीट आठवतात आणि आठवायला नको वाटतात. थंड लाइन बंद म्हणजे पाचांचंही काम बंद. ते दिवसभर बसून मला बघायचे. माझ्या हेल्मेटात कुणीतरी चिखल भरून ठेवला. माझा पाण्याचा जग दोनदा उलटा मिळाला. गेटवरच्या तरुणांपर्यंत बातमी गेली होती. "हेच का ते, ज्याच्यापायी पंप उडणार हाय?" आता ते हसत नव्हते. त्यांच्यातल्या एकानं माझी कॉलर धरली. "आमच्या गावात बाया-लेकरं ऱ्हात्यात. कळतंय का न्हाय?" मला ते कळत होतं. खोली सुटल्यामुळं मी साइटवरच्या सिमेंटच्या शेडमध्ये झोपत होतो. ताई डब्यात दोन भाकरी जास्त आणायच्या, शेंगदाण्याची चटणी घातलेल्या. ज्वारीची भाकरी मला तोडता येत नसे, भात खाणारी बोटं. त्यांनी बघितलं, पण हसल्या नाहीत. "पाणी लावा थोडं," एवढंच म्हणाल्या.

एकदा मी विचारलं, "ताई, तुम्ही काहून करता माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी कुठं करायले? खोटं लिहून मागत होते, ते मला जमलं न्हाय. तुमी मधी होता." आणि रॉड मोजायला लागल्या.

निकाल आला तेव्हा इन्स्पेक्टरनी सगळ्यांसमोर वाचला. तुटताना धातू बाजूला किती फुगला ते मोजतात, कमीत कमी अडतीस शतांश मिलिमीटर हवा, प्रत्येक तुकड्याला. पहिला पास. दुसरा पास. तिसरा एकतीस.

इंचार्ज म्हणाले, "सरासरी काढा साहेब. सरासरी पास आहे."

"गॅस सरासरीतून गळत नाही. एका जोडातून गळतो."

नऊ जोड कापले. मी कापायला पुढं गेलो तर इंचार्जनी कटर माझ्या हातातून घेतला. "तू फक्त उचल." पाचांनी कापले, मी कापलेल्या कड्या हातगाडीत भरून भंगाराच्या ढिगावर टाकल्या, सगळ्यांच्या देखत, एकेक. बाहेरून ते जोड सुंदर होते. माशाच्या खवल्यासारखे एकावर एक, मला स्वतःलाही अभिमान वाटावा असे. पुन्हा जोड मारताना थोरला म्हणाला, "तुझी घाण आम्ही धुतोय, ध्यानात ठेव." ध्यानात आहे. त्यानं चांगलं काम केलं, तेही ध्यानात आहे.

शेवटच्या दिवशी कार्डासाठी उभा राहिलो. इंचार्जनी शेऱ्याच्या जागी 'चोरी' लिहायला पेन उचललं होतं, तोंडानं म्हणत म्हणत. इन्स्पेक्टरनी त्यांच्यासमोरून कार्ड ओढून घेतलं, स्वतः लिहिलं आणि माझ्याकडं न बघता टेबलावर सरकवलं. बाहेर येऊन एका शिकलेल्या ड्रायव्हरकडून वाचून घेतलं, कारण ते इंग्रजीत होतं. 'रॉडची सरमिसळ केली. स्वतः सांगितलं. पुन्हा परीक्षा घेतल्याशिवाय थंड लाइनवर घेऊ नये.' मी त्याला परत एकदा वाचायला लावलं. चोर हा शब्द कुठंच नव्हता.

ताईंचं मात्र तसं झालं नाही. जोड कापले त्याच आठवड्यात त्यांना रॉडखोलीतून काढून गेटवर बसवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे नंबर लिहायला. पत्र्याच्या छपराखाली, हायवेच्या धुळीत. त्यांच्या कागदावर शेरा पडला, 'रॉड वाटपात हलगर्जी'. खोलीतल्या नव्या माणसानं पहिल्याच दिवशी सगळ्या जुड्या भंगारात ओतल्या. मी पिशवी घेऊन गेटमधून निघालो तेव्हा त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या.

मी म्हटलं, "ताई, माझ्यामुळं झालं हे तुमचं."

"निम्मं तुमच्यामुळं. निम्मं माझं मी न इचारल्यामुळं." त्यांनी वही बंद केली. "पण शेरा खोटा लिवलाय हो. हलगर्जी असती तर चिठ्ठ्या निघाल्या असत्या का?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा फाटला. मग एक ट्रक आला, त्या उठल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, "पोचला की फोन करा. जय भीम."

मी जय भीम म्हटलं. धन्यवाद म्हणायचं राहिलं. बस लोहाऱ्याचा फाटा सोडून पुढं गेल्यावर मला ते आठवलं.

आज मी आणखी लांब आहे, समुद्राच्या बाजूला, एका दूध डेअरीच्या पाइपांवर. पुढच्या परीक्षेची फी भरून ठेवली आहे, आणि रात्रपाळी नसेल त्या दिवशी एका माणसाकडून पेटीवरचे इंग्रजी शब्द वाचायला शिकतो. परीक्षेला बसायची भीती वाटते, तरी बसणार आहे. आत्ता माझ्या सहीला किंमत नाही. चूक करणाऱ्यानं लिहून दिलं तर कोण ऐकणार. पण कार्डावर ती ओळ बदलली, थंड लाइनवर पुन्हा घेतलं, की मी उमरग्याला जाणार आहे. त्या ठेकेदाराच्या ऑफिसात, तेच लोक बसले असतील त्यांच्यासमोर, माझ्या सहीनं लिहून देणार आहे की त्या साइटवर हलगर्जी माझी होती, आणि ताईंच्या चिठ्ठ्या नसत्या तर ते नऊ जोड आजही लाइनीत असते. ताईंच्या कागदावरचा शेरा खोडल्याशिवाय मी तिथून उठणार नाही. त्यांचं हे देणं मी फेडीन. कधी ते सांगता येत नाही, पण फेडीन.